पाला

इंदूरला जाऊन आलों असें सांगितलें कीं लोक प्रथम सराफ्यांतील खाण्याविषयीं विचारतात, मग राजवाड्याविषयीं, आणि कोणी अधिक चौकस असेल तर तेथील स्वच्छतेविषयीं. या सर्वांवर मला थोडें थोडें सांगतां येईल. पण गेल्या कार्तिकापासून पौषापर्यंत जे अडीच महिने मीं तेथें काढले, त्यांतील बहुतेक वेळ वीस पावलें लांब व बारा पावलें रुंद अशा एका परसांत गेला. तेव्हां या लेखाला प्रवासवर्णन म्हणावें कीं न म्हणावें, हें वाचकांनींच ठरवावें.

आमची धाकटी कन्या इंदूरला दिली आहे. ती व जावई दोघेंहि नोकरी करतात. घरांत तिसऱ्या म्हणजे आमच्या विहीणबाई. त्यांना सर्वजण माई म्हणतात, आणि मीहि तसेंच म्हणतों. व्याही सहा वर्षांपूर्वीं निवर्तले. रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर अशा वस्त्यांतून तेथें अजून पुष्कळ मराठी घरें आहेत, आणि त्यांतील कित्येक होळकरशाहीपासूनचीं आहेत. त्यांची मराठी ऐकतांना आपल्याला प्रथम गंमत वाटते, कारण क्रियापद मराठी आणि नाम हिंदी असा तो संसार असतो. या दोन भाषांच्या शेजाराचा मला जो प्रसाद मिळाला, त्याचीच पुढें हकीकत आहे.

वाईहून पुण्यास आणि पुण्याहून दुपारच्या गाडीनें मी निघालों. गुजराथ रात्रींच सरली. रतलाम सुटल्यावर उजाडलें. दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून नांगरलेलीं शेतें पसरलीं होतीं आणि कोठें कोठें गव्हाची पेरणी चालली होती. माळव्याची माती काळी, तुकतुकीत. ओलीवर असली म्हणजे नुकतें सारवलेल्या अंगणासारखी दिसते. आमच्या कृष्णाकांठचीहि माती काळीच, पण चाळीस वर्षें शाळेंत गेल्यामुळें तिचा व माझा संबंध ती वहाणांना चिकटण्यापुरताच आला. उज्जैनचें स्टेशन आलें तेव्हां मीं खिडकींतून हात जोडले. महाकालेश्वराला तर जोडलेच, पण मनांत आणखी एक नांव होतें. वराहमिहिर स्वतःला आवंतिक म्हणवितो. सहाव्या शतकांतील हा ज्योतिषी. त्याच्या बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. झाडांना मऊ भूमि हितकर, तींत आधीं तीळ पेरावे आणि ते फुलावर आले म्हणजे तेथेंच चुरडून मातींत घालावे, हें भूमीचें पहिलें काम, असें तो सांगतो. हा श्लोक मला तोंडपाठ होता. तोंडपाठ असणें आणि हातांत असणें यांत किती अंतर आहे, तें पुढच्या आठ दिवसांत कळलें.

इंदूरच्या स्वच्छतेविषयीं जें ऐकलें होतें तें खोटें नाहीं. २०१७ पासून देशाच्या स्वच्छता-सर्वेक्षणांत या शहरानें वर्षानुवर्षें पहिला मान मिळविला आहे. सकाळीं गाणें वाजवीत पालिकेची गाडी दाराशीं येते, ओला कचरा एकीकडे व सुका दुसरीकडे द्यावा लागतो. ओला कचरा देवगुराडिया येथें जातो. २०२२ सालीं तेथें सुरू झालेल्या कारखान्याची शक्ति दिवसाला ५५० टन कचरा पचविण्याची आहे, आणि त्यापासून निघणाऱ्या वायूवर शहरांतील बसगाड्या चालतात. रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नाहीं. अशा नगरींत दोन दिवस राहिल्यावर माझ्यासारख्या मनुष्याला, ज्यानें उभें आयुष्य फळा पुसण्यांत व बाकें ओळींत लावण्यांत घालविलें, त्याला माईंचें परस डोळ्यांत खुपूं लागलें यांत नवल तें काय?

पावसाळ्यांतील वेलींचा हंगाम संपला होता. दोडक्याचा मांडव अर्धा वाळून लोंबत होता. काकडीच्या पानांवर भुरी चढली होती. भेंडीचीं चार झाडें पिवळीं पडून नुसतीं उभीं होतीं, घेवडा सुकला होता, आणि पांचहि वाफ्यांवर पाचोळ्याचा वीतभर थर पसरला होता. कोपऱ्यांत विटांचें कोंडाळें करून त्यांत छातीइतका एक ढीग रचला होता. सकाळच्या गारव्यांत त्यांतून वाफ निघे. मी मनांत म्हटलें, बाई एकटी, वय झालेलें, गुडघे धरलेले. होत नसेल त्यांच्यानें.

त्रिपुरी पौर्णिमेसाठीं माई आपल्या बहिणीबरोबर पांच दिवस महेश्वरला गेल्या. त्याच सकाळीं दुधवाल्यानें दूध मापतां मापतां आकाशाकडे पाहून म्हटलें, “बाबूजी, इस बार पाला जल्दी पड़ेगा.” दारांतल्या बदामाकडे मीं पाहिलें. आधींच इतका पाला पडला आहे आणि हा म्हणतो आणखी लवकर पडणार! तेव्हां जें करावयाचें तें आजच, असा मीं निश्चय केला.

काय केलें तें थोडक्यांत सांगतों, कारण सांगतांना अजून संकोच होतो. मांडव उतरविला. सर्व झाडें मुळासकट उपटलीं. पाचोळा दंताळ्यानें ओढून पोत्यांत भरला. तिसऱ्या दिवशीं कोपऱ्यांतला ढीगहि एका मजुराच्या मदतीनें उचलला. अकरा पोतीं झालीं आणि तीं तीन खेपांत पालिकेच्या गाडीवर चढलीं. नंतर माती मऊ व्हावी म्हणून नळाचें पाणी सोडून वाफे चिंब केले आणि लागलीच कुदळीनें खणून काढले. दोरी धरून कडा सरळ केल्या. जावयांनीं संध्याकाळीं पाहिलें आणि “अण्णा, कमाल आहे तुमची!” एवढेंच म्हणून ते आंत गेले. मला ती स्तुति वाटली.

माई आल्या त्या दिवशीं उन्हानें वाफे वाळले होते. खणतांना निघालेलीं ढेकळें विटेसारखीं कडक झालीं होतीं आणि त्यांच्यामध्यें बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. माई मागच्या पायरीवर आल्या, पिशवी खालीं ठेवली आणि बराच वेळ कोपऱ्यांतल्या रिकाम्या विटांकडे पहात उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “फार मेहनत घेतलीत हो अण्णा.” आणि पिशवी उचलून आंत गेल्या. जेवतांना त्या महेश्वरच्या घाटाविषयीं बोलल्या, नर्मदेच्या पाण्याविषयीं बोलल्या. परसाविषयीं एक अक्षर नाहीं. व्याही-विहिणीच्या नात्यांत रागावण्याची सोय नसते. रागावल्या असत्या तर मला बरें वाटलें असतें.

रात्रीं मुलीनें भांडीं आवरतां आवरतां विचारलें, “अण्णा, तुम्ही ढीगसुद्धां उचललात?”

त्या ढिगाची गोष्ट तेव्हां कळली. घर बांधलें तेव्हां परसांत मुरूम, विटांचे तुकडे आणि चुन्याचे गोळे यांशिवाय कांहीं नव्हतें. व्याही इंदूरच्या कृषि महाविद्यालयांत कारकून होते. तेथील मळ्यावरच्या माणसांकडून खताच्या ढिगाची रीत ते शिकले आणि तेथूनच एक पाटी अर्धवट कुजलेलें खत आणून त्यांनीं परसांतला पहिला ढीग लावला. तेव्हांपासून प्रत्येक नव्या ढिगांत जुन्यांतलें एक पाटीभर खत घालावयाचें, हा त्यांचा नेम. बावीस वर्षें तो चालला. शेवटचीं सहा वर्षें एकट्या माईंनीं चालविला. “विरजणासारखें आहे तें,” मुलगी म्हणाली, “आजच्या दह्यांत कालचें, कालच्यांत परवाचें. बाबांच्या हातचें तेवढेंच राहिलें होतें.”

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. कृषिपराशर नांवाच्या जुन्या ग्रंथांत शेणखताचा विधि सांगितला आहे. माघांत शुभ दिवस पाहून गोमयाच्या ढिगाची श्रद्धेनें पूजा करावी आणि मगच त्याला कुदळ लावावी. तें खत उन्हांत वाळवून बारीक करावें, फाल्गुनांत शेतांत खड्डे करून त्यांत घालावें आणि पेरणीच्या वेळीं पसरावें. खतावांचून धान्य वाढतें पण फळत नाहीं. हें मीं मुलांना शिकविलें आहे. मीं मात्र कार्तिकांत, पूजा तर राहोच, धनिणीला विचारल्याशिवाय ढीग उचलून बसगाड्यांना घातला.

दुसऱ्या दिवशीं कोणाला न सांगतां मी कृषि महाविद्यालयाकडे गेलों. तेथें जाऊन ढीग परत मिळणार नव्हता, पण घरीं बसवेना. शहरानें त्या जागेला चारी बाजूंनीं वेढलें आहे. आंत शिरल्यावर मात्र मोठीं झाडें व मोकळीं शेतें लागतात आणि बाहेरच्या वाहनांचा आवाज बसतो. ज्या खतपद्धतीला जगांत ‘इंदूर पद्धति’ म्हणतात ती येथें जन्मली. आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ सालीं बिहारांत पुसा येथें सरकारी नोकरीवर आले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याहि त्याच शास्त्रांतल्या जाणत्या होत्या. १९२४ सालीं इंदूर संस्थाननें दिलेल्या जमिनीवर ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ ही संस्था निघाली आणि हीं दोघें तेथें आलीं. कापसाचें संशोधन हें तिचें मुख्य काम. पण हॉवर्ड यांचें लक्ष पिकापेक्षां मातीकडे गेलें. कपाशीच्या पळाट्या, उसाचें पाचट, गोठ्यांतलें शेण, गोमुत्रानें भिजलेली माती आणि चुलींतली राख, म्हणजे शेतकऱ्याच्या दारांत जें जें पडतें तें, थरावर थर घालून त्यांनीं कुजविलें. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोन फूट खोल असे त्यांचे खड्डे असत. साधारण पंधरवड्यानें एकदां, महिन्यानें पुन्हां आणि दोन महिन्यांनीं तिसऱ्यांदा तें सर्व उलथें करावयाचें. तीन महिन्यांत खत तयार. नव्या खड्ड्याला चालत्या खड्ड्यांतलें थोडें घालण्याची रीतहि त्यांतलीच. माईंचें विरजण म्हणजे हेंच.

गॅब्रिएलबाई १९३० सालीं वारल्या आणि पुढच्याच वर्षीं हॉवर्ड हिंदुस्थान सोडून गेले. त्याच १९३१ सालीं ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अॅग्रिकल्चर’ हें त्यांचें पुस्तक निघालें. त्यावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचें नांव आहे. सर्व जग हॉवर्ड यांचें नांव घेतें. वाड यांचें आपणहि घेत नाहीं. १९३५ सालीं हिंदी साहित्य संमेलनासाठीं गांधीजी इंदूरला आले तेव्हां तेहि ही खताची रीत पाहण्यासाठीं मुद्दाम येथें आले होते. हॉवर्ड यांचा मला आवडलेला विशेष असा कीं, रयत आणि पिकावरची कीड यांनाच ते आपले प्राध्यापक म्हणत. पगारी मास्तराला हें ऐकून अंमळ बोचतें, पण बोचावें असेंच आहे.

घरीं आलों तों माई मागच्या पायरीवर बसल्या होत्या. मीं सरळ म्हटलें, “माई, माझी चूक झाली. न विचारतां करावयाचें नव्हतें.” त्या म्हणाल्या, “अहो, तुम्हीं काय मुद्दाम केलेंत?” आणि थोड्या वेळानें, “घाई कां केलीत पण?” तेव्हां मीं दुधवाल्याचें भविष्य सांगितलें. क्षणभर त्या माझ्याकडे पहात राहिल्या आणि मग पदर तोंडाला लावून जें हंसल्या तें डोळ्यांना पाणी येईपर्यंत. हिंदींत पाला म्हणजे गोठलेलें दंव. कडाक्याच्या थंडींत पहाटे पिकावर तें पडलें कीं पानें जळल्यासारखीं काळीं पडतात. दुधवाला सांगत होता कीं थंडी लवकर येणार, झाडें झांका. आणि मीं तर झांकण्याचें साहित्यच गाडीवर चढविलें.

हंसून झाल्यावर माईंनीं एक गोष्ट सांगितली. तीन वर्षांपूर्वीं त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या बाईनें आपल्या घरामागें मेथीचे दोन वाफे केले होते. तिला त्यांनीं ढिगांतलें एक पाटी खत दिलें होतें. तिनें त्यावर पुढें ढीग धरला असेल तर विरजण अजून आहे.

दुसऱ्या दिवशीं मी पाटी घेऊन तिच्यामागून तिच्या घरीं गेलों. पत्र्याच्या घरामागें, गटाराच्या आणि भिंतीच्या मध्यें असलेल्या चिंचोळ्या पट्टींत मेथी, पालक आणि एक मिरचीचें झाड होतें. टोंकाला एका फुटक्या पिंपांत खत. वरचें कोरडें बाजूस सारून तिनें खालचें उपसलें. तें काळें आणि भुसभुशीत होतें, त्याला पावसाच्या पहिल्या सरीचा वास होता, आणि हात घातला तर चांगलें कोमट लागलें. मीं पैसे काढले ते तिनें घेतले नाहींत. “बाबूजी, टोकरी वापस लाना,” एवढेंच म्हणाली. रिक्षावाल्यानें पाटी पाहून नाक मुरडलें, म्हणून मी ती मांडीवर घेऊन बसलों.

पुढें जें केलें तें माईंच्या सांगण्याप्रमाणें केलें. पहिली आज्ञा अशी कीं ढेकळांना हात लावावयाचा नाहीं. काळी माती ओली असतां खणली तर तिचे बारीक कण एकमेकांना गच्च बसतात. मग ती फोडणें म्हणजे दगड फोडणें. पण याच मातीचा एक गुण आहे. ती पाण्यानें फुगते आणि वाळतांना आकसते. दोनतीनदां भिजली-वाळली कीं ढेकूळ आपणच तडकतें. म्हणून हलकें पाणी शिंपडावयाचें आणि वाट पहावयाची. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा, पण बोटाला चिकटूं नये आणि टिचकी मारतांच फुटावा, तो वाफसा. तो आल्यावर मीं खुरपें लावलें. ज्या ढेकळावर मागें कुदळ उसळत होती तें बोटांत चुरलें.

दुसरी गोष्ट निवडण्याची. मीं टाकलेलें सगळेंच टाकण्यासारखें नव्हतें, तसें सगळेंच ठेवण्यासारखेंहि नव्हतें, हें माईंनीं न्यायानें सांगितलें. केवडा रोगानें पिवळी पडलेली भेंडी काढलीच पाहिजे, कारण ती उभी राहिली तर पांढरी माशी तो रोग नव्या झाडांवर नेते. अळ्या पडलेलें कारलें, भुरीनें भरलेलीं पानें, मुळांना गांठी आलेलें वांगें, हीं गाडींत गेलीं तर उत्तमच. पण घेवडा मुळासकट उपटावयाचा नव्हता. तो जमिनीलगत कापावा, म्हणजे मुळांवरच्या बारीक गांठींतला नत्र मातींतच राहतो. आणि निरोगी पाचोळा तर वाफ्याचें पांघरूण. तें काढलें कीं गांडुळें खोल जातात, ऊन व वारा मातीचा ओलावा ओढतात, आणि भेगा पडतात. बर्फ पडणाऱ्या देशांत थंडींत बागा झोंपतात, म्हणून तेथील लोक शरदांत सर्व आवरून ठेवतात. आपल्याकडे थंडींतच बाग जागी होते. येथें आवरणें म्हणजे एक पंगत उठवून दुसरीचीं पानें मांडणें. (ही उपमा माझी, माई बोलतांना उपमा देत नाहींत.)

नवा ढीग लावण्यास पाचोळा हवा होता, आणि सबंध इंदूरांत तो मिळेना. रस्ते झाडून घेतलेले! मी सकाळीं गाडीच्या आधीं उठून शेजाऱ्यांच्या दारोदार पोतें घेऊन फिरूं लागलों. पहिल्या दिवशीं लोकांना वाटलें मास्तरांचें डोकें फिरलें. चौथ्या दिवशीं ते आपणहून पोतीं आणून देऊं लागले. वाळल्या पानांचा वीतभर थर, त्यावर भाजीचीं देठें-सालें, मग शेणकाला, चिमूटभर राख आणि थोडी माती, असें करीत विटांचें कोंडाळें पुन्हां भरलें. मधल्या थरांत ती पाटी रिती केली. ओल किती असावी? पिळलेल्या पंचाइतकी. तिसऱ्या दिवशीं माईंनीं ढिगांत लोखंडी सळई खुपसली, पांच मिनिटांनीं काढली आणि माझ्या हातांत दिली. चटका बसला. बाईची पाटी मीं त्याच दिवशीं परत नेऊन दिली.

वाफ्यांत मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर आणि वाटाणा पेरला. टोमॅटोचीं रोपें विकत आणलीं. दोन वाफे मात्र तसेच राहिले, कारण जुन्या ढिगांतलें जें खत त्यांना मिळावयाचें तें राहिलें नव्हतें, आणि विकतच्या शेणखतांत तणाचें बीं फार निघालें. माईंनीं त्यांत कांहीं लावलें नाहीं. ते वाफे पाहिले कीं मला अजून कसेंसेंच होतें. चैत्रांत तेथें तीळ पेरून फुलावर आले कीं मातींत चुरडावे, असें मीं वराहमिहिराच्या आधारानें सुचविलें. “पाहूं,” माई म्हणाल्या.

पौषांत एका दुपारीं वारा पडला, आकाश निरभ्र झालें आणि संध्याकाळीं दुधवाला दारांतूनच ओरडला, “बाबूजी, आज पाला पड़ेगा!” मीं त्याला हात जोडले. सूर्य मावळण्यापूर्वीं माईंनीं सर्व वाफ्यांना पाणी दिलें. ओल्या मातींत दिवसाची ऊब अधिक साठते आणि रात्रभर ती हळूहळू वर सुटते. टोमॅटोवर काठ्या रोवून जुनीं लुगडीं टाकलीं. मेथी व वाटाण्याच्या कोंवळ्या ओळींवर मीं कोरडा पाचोळा हलक्या हातानें पसरला, पोतीं पुरलीं तोंवर. मागच्या ओळीला थोडा कमी पडला.

पहाटे शेजारच्या मोकळ्या जागेंतलें गवत पांढरें झालें होतें. ऊन आल्यावर आम्हीं लुगडीं काढलीं आणि पाचोळा बाजूस केला. मेथी हिरवी होती. वाटाण्याच्या शेवटच्या ओळींतलीं सातआठ रोपें शेंड्याला काळवंडलीं होतीं. माई गुडघ्यावर हात टेकून वांकल्या, त्यांतलें एक निरखून पाहिलें आणि म्हणाल्या, “अण्णा, इथें पाला पडला नाहीं का हो नीट?”

कोणता, तें मीं विचारलें नाहीं.